डेसिबलचा सातबारा

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील भरे हे गाव घोटावडे आणि पिरंगुट यांच्या शेजारी, म्हणजे भाताची खाचरे, पत्र्याच्या शेडमधील कारखाने आणि ‘लॉन्स’ हे अनेकवचनी नाव लावणारी मंगल कार्यालये जेथे बांधाला बांध लावून नांदतात अशा पट्ट्यात येते, आणि त्यामुळे मनुष्याला व निसर्गाला करता येण्यासारखे बहुतेक सगळे आवाज येथे ऋतुमानानुसार उपलब्ध असतात. पावसाळ्यात खाचरांतील बेडूक, तुळशीचे लग्न लागले की वराती, चैत्रात जत्रा आणि बैलगाडा शर्यतीचा निवेदक, बारा महिने पॉवर प्रेस, आणि वीज गेली की डिझेल जनित्र असा हा क्रम असून त्यात खंड पडल्याची तक्रार अद्याप कुणी केलेली नाही. या सर्वांपैकी कोण किती ओरडते हे सांगण्याचा अधिकार ज्या यंत्राला आहे त्याला ध्वनिमापक म्हणतात; ध्वनिमापक खरे बोलतो की नाही हे ज्या कागदावरून ठरते त्याला कारखान्यातील सर्व लोक ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट’ आणि शासकीय परिभाषा वापरणारे ‘अंशशोधन प्रमाणपत्र’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात यंत्रापेक्षा कागदाला अधिक जागा दिलेली आहे, कारण व्यवहारातही तसेच घडते.

डेसिबल म्हणजे काय हे आरंभी सांगणे क्रमप्राप्त आहे, कारण हा शब्द गणपतीच्या दहा दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी असतो आणि उरलेल्या वर्षात कुणाच्याच नसतो. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येईल असा हवेच्या दाबातील चढउतार २० मायक्रोपास्कल इतका धरलेला आहे. त्याच्या तुलनेत एखादा आवाज किती मोठा, हे लॉगॅरिदमच्या पट्टीवर मांडले की डेसिबल मिळतात. लॉगॅरिदम ही शिक्षण संपताच बहुतेकांनी आनंदाने विसरलेली गोष्ट असल्यामुळे पुढचा गोंधळ अटळ ठरतो. ७० डेसिबलच्या एका यंत्राशेजारी तितकेच मोठे दुसरे यंत्र लावले तर बेरीज १४० होत नाही, ७३ होते. ही बेरीज कारखानदाराला अतिशय आवडते, किराणा दुकानदाराला मुळीच पटत नाही, आणि साउंडवाल्याला मान्य असूनही निरुपयोगी वाटते, कारण त्याचे गिऱ्हाईक डेसिबल मोजून पैसे देत नाही, बेसच्या पेट्या मोजून देते. उलट दिशेनेही हेच गणित चालते : आवाज १०३ वरून १०० वर आणा असा हुकूम झाला तर निम्म्या पेट्या बंद कराव्या लागतात, आणि त्या बंद केल्यावर वऱ्हाडातील मंडळींना फरक जेमतेम जाणवतो, परिणामी हुकूम देणाऱ्याला आपला अवमान झाला असे वाटते आणि पाळणाऱ्याला आपले दिवाळे निघाले असे वाटते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० केले, आणि त्यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रासाठी ७५ व ७०, तर रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल अशी कोष्टकबद्ध मर्यादा घालून दिली. येथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र; त्यामुळे पहाटे पाचची काकड आरती ही विठ्ठलाच्या दृष्टीने दिवसाची सुरुवात असली तरी अनुसूचीच्या दृष्टीने मध्यरात्रीच्याच खात्यात जमा होते. ज्या गावात बांधाच्या अलीकडे प्रेस आणि पलीकडे पाळणा आहे तेथे क्षेत्र कोणते, हा प्रश्न कोष्टकाला सुटत नाही. खाचरांतील बेडूक पहिल्या दमदार पावसात ४५ ची मर्यादा सामुदायिकरीत्या मोडीत काढतात असा कानांचा निष्कर्ष आहे. परंतु आयोजक कोण, परवाना कुणाच्या नावे आणि पेट्या कुणाच्या यांचा तपास लागत नसल्याने कारवाई प्रलंबित राहते. नियम ७ नुसार मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबल जास्त आवाज असेल तर नागरिकाला तक्रार करता येते, म्हणजे तक्रार करण्यापूर्वी नागरिकाने स्वतःच मोजून पाहावे अशी अपेक्षा दिसते. मोजण्यासाठी त्याच्याकडे प्रमाणित यंत्र असावे की नाही याबाबत नियमाने सोयीस्कर मौन पाळले आहे.

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये विस्तृत निकाल दिला आणि पोलिसांना ध्वनिमापक पुरविण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले. त्यामुळे आवाजाविषयीचा वाद एका पायरीने वर गेला. पूर्वी ‘आवाज मोठा होता’ आणि ‘नव्हता’ असा वाद असे. यंत्र आल्यावर ‘यंत्र बरोबर होते’ आणि ‘नव्हते’ असा झाला. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचे, पथक लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत आवाज मोजते आणि दुसऱ्या दिवशी ते आकडे वर्तमानपत्रांत येतात, तेव्हाही आवाज किती होता यापेक्षा यंत्र नेमके कुठे धरले होते यात रस घेणारा पुणेकर हमखास भेटतो. अशा वेळी ‘सर्टिफिकेट दाखवा’ हे तीन सेकंदांत उच्चारता येणारे वाक्य दोन पानी पंचनाम्याला भारी पडते.

हे सर्टिफिकेट येते कोठून, हे समजून घेण्यासाठी मुळशीच्या माणसाला भौतिकशास्त्राची गरज नाही. हिंजवडीला आयटी पार्क आल्यानंतर या तालुक्यातील जमिनीला जो भाव आला, त्याने येथील प्रत्येकाला एक शास्त्र शिकविले, ते असे की सातबाऱ्यावरचे नाव खरे की खोटे हे सातबारा पाहून कळत नाही. त्यामागचे फेरफार एकेक करून मागे वाचत जावे लागतात, आणि मूळ मालकापर्यंत साखळी अखंड लागल्याशिवाय शहाण्याने गुंठाभर जमिनीचाही इसार देऊ नये. मोजमापाच्या शास्त्रात याच गोष्टीला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात. पोलिसांच्या हातातील ध्वनिमापक ज्या प्रयोगशाळेने तपासला, तिच्याकडील कॅलिब्रेटर वरच्या प्रयोगशाळेने तपासलेला असावा लागतो, त्या वरच्या प्रयोगशाळेचा संदर्भ मायक्रोफोन आणखी वर तपासलेला असावा लागतो, आणि प्रत्येक फेरफारावर मागच्याचा क्रमांक, तारीख व सही असावी लागते. या प्रयोगशाळा त्या लायकीच्या आहेत याची खातरजमा एनएबीएल ही मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार करते. वाण्याच्या तराजूवर राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का बसतो आणि तो बिचारा तेवढ्यावर निर्धास्त होतो. ध्वनिमापकाला मात्र अशी आपली वंशशुद्धी कागदोपत्री सिद्ध करीत हिंडावे लागते.

ही साखळी मागे वाचत गेले की मूळ मालक म्हणून नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, सापडते, जिचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते झाले. येथे सामान्य वाचकाला एक रास्त शंका येईल : सगळ्यांना तपासणाऱ्याला कोण तपासतो? आवाजाच्या बाबतीत याचे उत्तर फार चतुर आहे. कंडेन्सर मायक्रोफोन उलटाही चालतो, म्हणजे त्याला आवाज दिला तर वीज देतो आणि वीज दिली तर आवाज देतो. म्हणून असे तीन मायक्रोफोन घेऊन, दोन-दोनच्या जोड्या एका छोट्या बंद पोकळीच्या दोन तोंडांना बसवून, एकाला बोलावयास आणि दुसऱ्याला ऐकावयास लावले जाते; तीन जोड्यांतून तीन समीकरणे मिळतात, अज्ञात संवेदनशीलताही तीनच असतात, आणि बाहेरून कोणताही ‘खरा’ आवाज न आणता तिघांचीही लायकी ठरते. या पद्धतीला अन्योन्यता पद्धती म्हणतात. कोणाचेही म्हणणे आधी खरे न मानता तीन साक्षीदारांकडून सत्य काढण्याची ही किमया ग्रामसभेत अद्याप कुणाला साधलेली नाही. दिल्लीचे आकडेही शेवटचे मानले जात नाहीत, ते इतर देशांच्या राष्ट्रीय संस्थांच्या आकड्यांशी वेळोवेळी ताडून पाहिले जातात. आवाजाच्या जगात कुळकायदा लागू नसल्यामुळे कसणाऱ्याला कायमची मालकी मिळत नाही.

खुद्द तपासणी कशी चालते हे पाहण्यासारखे असते. ध्वनिमापकासाठीच्या आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकात संदर्भ वातावरण २३ अंश सेल्सियस तापमान, ५० टक्के आर्द्रता आणि १०१.३२५ किलोपास्कल हवेचा दाब असे दिले आहे. भरे परिसरात मे महिन्यात पहिला आकडा आणि जुलै महिन्यात दुसरा आकडा आपणहून जुळण्याची शक्यता नसल्याने वातानुकूलन लावावे लागते; तिसऱ्याचे काय करावे हे मात्र सह्याद्रीने आधीच ठरवून ठेवले आहे. पिस्टनफोन नावाचे एक उपकरण पिस्टनच्या हालचालीने एका छोट्या पोकळीतील हवा सेकंदाला २५० वेळा दाबून १२४ डेसिबलचा आवाज करते, आणि तो आवाज हवेच्या दाबाशी बांधलेला असल्यामुळे समुद्रसपाटीवर जेवढा भरतो तेवढा घाटमाथ्यावर भरत नाही. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे अर्ध्या डेसिबलने उतरतो. वायुभारमापक पाहून ही दुरुस्ती न करणाऱ्याने खंडाळ्याचा घाट चढताना अर्धा डेसिबल गमावलेला असतो, आणि तो त्याचा दोष यंत्राला देतो. क्षेत्रावर वापरावयाचा नेहमीचा कॅलिब्रेटर अधिक समजूतदार असतो. मुठीत मावणाऱ्या या नळकांड्यात मायक्रोफोनचे टोक खुपसले की तो १००० हर्ट्झचा एकसुरी ‘कूं’ काढतो, जो ९४ डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ एक पास्कल दाबाचा असतो. यंत्राने त्या वेळी ९४ दाखविले की उपस्थितांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते बारावीच्या निकालात त्याच टक्क्यांना दिसणाऱ्या समाधानापेक्षा कमी नसते.

पुढे यंत्राला पाव मिलिसेकंदाचे ध्वनितुकडे ऐकवून त्याची चपळाई पाहतात, आवाज पायरीपायरीने वाढवून ते चढत्या क्रमाने मोजते की मध्येच एखादी पायरी गाळते हे पाहतात, आणि झेपेनासे झाल्यावर ते तसे कबूल करते की नाही हेही पाहतात. ही शेवटची परीक्षा माणसांसाठी नाही हे बरे. शांततेतही एक परीक्षा असते. कोणताही आवाज नसताना यंत्र स्वतः किती आवाज करते, म्हणजे त्याच्या आतील विद्युत कुरबुरीला ते बाहेरचा आवाज समजते किंवा नाही, हे पाहून तो आकडा लिहून ठेवावा लागतो. पहिल्या वर्गाच्या यंत्राला १००० हर्ट्झला ०.७ डेसिबल आणि दुसऱ्या वर्गाच्या यंत्राला १ डेसिबल इकडेतिकडे होण्याची मुभा मानकाने दिली आहे.

परंतु या सगळ्या काटेकोरपणातील खरी गंमत ‘ए’ भारांकनात आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मनुष्याचा कान सर्व सुरांना सारखा न्याय देत नाही. मंद आवाजात तर खर्जाकडे तो जवळजवळ पाठच फिरवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाच्या या पक्षपाताचे आलेख प्रसिद्ध केले, आणि त्यांपैकी मंद आवाजाच्या आलेखावरून यंत्रात एक चाळणी बसविण्यात आली, जिला ‘ए’ म्हणतात. वर दिलेल्या कोष्टकातील सर्व मर्यादा याच चाळणीतून गाळलेल्या डेसिबलमध्ये आहेत. ही चाळणी १००० हर्ट्झच्या आवाजाला हात लावत नाही, पण ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६.२ डेसिबल वजा करते; आणि डीजेचा सर्व पराक्रम याच ६३ हर्ट्झच्या आसपास असतो. परिणाम असा होतो की मांडणीवरची भांडी किणकिणतात, खिडकीची काच चौकटीत वाजू लागते, गोठ्यातील म्हैस दावे ताणून उभी राहते, आजोबांच्या छातीत कुणीतरी पाट कुटत असल्याचा भास होतो, आणि ध्वनिमापक मात्र यातील फार मोठा भाग माणसाला ऐकूच येत नसणार असे सौजन्याने गृहीत धरून तो आकड्यातून वगळतो. मंद आवाजासाठी शोधलेली सवलत येथे बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्याला मिळते. प्रयोगशाळेचे काम ही चाळणी न्याय्य आहे की नाही हे ठरविण्याचे नसून ती मानकाबरहुकूम गाळते की नाही एवढेच पाहण्याचे असल्यामुळे, बेस न ऐकण्याची यंत्राची क्षमता दशांशापर्यंत तपासून तिला रीतसर दाखला देण्यात येतो. ‘सी’ नावाची दुसरी चाळणी ६३ हर्ट्झला डेसिबलभरही कमी करीत नाही आणि ती चांगल्या यंत्रात बसविलेलीही असते. फटाक्यांच्या मर्यादेत तिला स्थान आहे, वरातीच्या मर्यादेत नाही.

आता कागदाकडे वळावयास हरकत नाही. कॅलिब्रेशन करून घेणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ‘पास झालं ना?’ हा असतो, आणि प्रमाणपत्रात या प्रश्नाचे उत्तर आपोआप लिहिलेले नसते. त्यात मानक मूल्य, यंत्राने दाखविलेले मूल्य, दोहोंतील फरक आणि अनिश्चितता एवढेच असते. अनिश्चितता म्हणजे खरा आकडा कोणत्या पट्ट्यात असण्याची ९५ टक्के खात्री प्रयोगशाळा देते त्या पट्ट्याची अर्धी रुंदी. थोडक्यात, यंत्र खरे आहे असे प्रमाणपत्र म्हणत नाही. ते किती खोटे आहे आणि त्या खोटेपणाविषयी आपल्याला किती शंका आहे, हे ते सभ्य भाषेत नमूद करते. विवाहविषयक जाहिरातींनी हा नमुना स्वीकारला तर कितीतरी घोळ वाचतील. याहून मोठा धक्का तारखेचा असतो. पुढील कॅलिब्रेशन कधी, ही तारीख प्रयोगशाळेने स्वतःहून छापू नये, गिऱ्हाइकाशी तसे ठरले असेल तरच छापावी, असे १७०२५ मानक सांगते, कारण दाराबाहेर पडताच यंत्र खाली पडणार की पडणार नाही हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. तरीही ‘एक वर्ष व्हॅलिड’ ही कल्पना पिरंगुट ते घोटावडे पट्ट्यातील प्रत्येक क्वालिटी विभागाच्या मनात इतकी दृढ आहे, की ३६४ व्या दिवशी निर्मळ असलेले यंत्र ३६६ व्या दिवशी अस्पृश्य होते आणि ऑडिटरची गाडी फाटकातून आत येत असताना व्हर्नियर, गेज आणि ध्वनिमापक असा सगळा मुदतबाह्य परिवार टेबलाच्या खालच्या खणात रवाना केला जातो. त्या खणाला कुलूप असते; किल्ली कोणाकडे असते हे ऑडिट संपेपर्यंत कुणाला आठवत नाही.

मोबाइलमधील अ‍ॅपचा उल्लेख ओघाने येतो. त्याचा आकडा कधी बऱ्यापैकी जवळ असतो, कधी नसतो, आणि कोणत्या वेळी कोणता हे सांगणारा एकही फेरफार त्यामागे नसल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहाबाहेर त्याला फारशी किंमत नाही.

प्रमाणित यंत्र प्रत्यक्ष वरातीपाशी नेले असता जे घडते ते कोणत्याही मानकात नोंदलेले नाही. मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी काळा स्पंजचा गोळा चढवावा, आधी कॅलिब्रेटर लावून ९४ पाहून घ्यावेत, मोजणी करावी, आणि नंतर पुन्हा ९४ पाहून यंत्र मध्येच बिघडले नसल्याची खात्री करावी अशी रीत आहे. पण काळा गोळा दिसताक्षणी साउंडवाल्याचा हात आपोआप मिक्सरच्या दांडीवर जातो आणि आवाज उतरतो. मोजण्याच्या आधीच मोजावयाची वस्तू कमी करणारे हे उपकरण असून या कामासाठी त्याला प्रमाणपत्राची गरज नसते, फार काय, बॅटरीचीही नसते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांतच आवाजाची मर्यादा बसवून देण्याचा विचार सरकारने करावा असे सुचविले, ते या अनुभवाला धरूनच आहे असे म्हणावे लागते. अर्थात ती मर्यादा बरोबर बसविली आहे की नाही हे तपासावयास पुन्हा ध्वनिमापक लागेल, आणि ध्वनिमापकाला पुन्हा कागद लागेल.

या सर्व साखळीतून ज्या वाचकाला सुटका हवी असेल त्याने ध्यानात ठेवावे की रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास नियम ५ ने बंदी आहे. राज्य सरकारने वर्षातील जास्तीत जास्त १५ सणवारांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत दिलेली सूट हा तिला एक अपवाद. रात्रीच्या या निर्बंधाचा भंग झाला तर तक्रारीसाठी दहा डेसिबलची अट नाही, यंत्राची नाही आणि प्रमाणपत्राचीही नाही. तेथे केवळ घड्याळ लागते. आणि ते घड्याळ बरोबर आहे का, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक वऱ्हाड्याने काढलाच, तर भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे कामही नवी दिल्लीच्या त्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे.